कृष्णा खोऱ्यासाठी पावसाचे आकडे कुठले घ्यायचे?

कृष्णेचा उगम महाबळेश्वरला. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला वाईत तो हजारही गाठत नाही. खोऱ्याचे जलवैज्ञानिक मॉडेल, म्हणजे पावसावरून नदीच्या पाण्याचे गणित, करणाऱ्याची खरी कसोटी या पट्ट्यातच लागते आणि नेमक्या इथल्याच जुन्या नोंदी विरळ आहेत.

त्याचे मूळ दीडशे वर्षे मागे जाते. १८६४ चे कोलकात्याचे चक्रीवादळ, मग १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दिलेला दगा, यानंतर १८७५ मध्ये हवामान खाते उभे राहिले. सरकारला काळजी होती पिकांची, दुष्काळाची आणि महसुलाची. त्यामुळे पर्जन्यमापके बहुतेक तालुक्याच्या गावी बसली, जिथे रोज सकाळी नोंद घ्यायला माणूस होता. नदीला सर्वाधिक पाणी देणारा घाटमाथा मात्र मोजणीतून बराचसा निसटला.

याच नोंदींवरून पुण्यात हवामान खात्याने चौकटींचे, म्हणजे ग्रिडचे संच तयार केले; त्यांत नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला पावसाचा एकच आकडा दिलेला असतो. २००६ चा संच अक्षांश-रेखांशाच्या एक अंशाचा. त्याची एक चौकट चिपळूणपासून वाईपर्यंतचा मुलूख एकत्र करते. पण त्यात १९५१ ते २००३ या काळात सातत्याने नोंदी असलेली १८०३ केंद्रेच निवडली होती, म्हणून दीर्घकालीन कल पाहायला तो बरा. २०१४ चा संच पाव अंशाचा, ६९५५ केंद्रांचा, १९०१ पासूनचा. तो बारीक आहे, तरी महाबळेश्वर आणि पाचगणी त्यात एकाच चौकटीत येतात. शिवाय केंद्रांची संख्या काळागणिक बदलत गेली, म्हणून अतिवृष्टी वाढली की घटली हे त्यावरून ठरवताना फार जपावे लागते. पुराचा अभ्यास आणि दीर्घकालीन कल, दोन्हींना एकच संच लावणे मला पटत नाही.

१९९७ मध्ये पाऊस मोजणारा ‘टीआरएमएम’ उपग्रह अवकाशात गेला आणि २०१४ पासून त्याच्या पुढच्या ‘जीपीएम’ मोहिमेमुळे दर अर्ध्या तासाचा पाऊस मिळू लागला. पण सह्याद्रीवरचे बरेच पावसाळी ढग उथळ असतात, त्यांत बर्फाचे कण कमी. जमिनीवरचा पाऊस ओळखताना उपग्रह मोठ्या प्रमाणावर त्या कणांवरच विसंबतो, म्हणून घाटातला पाऊस तो कमी दाखवतो.

वेळेचाही घोळ आहे. आपली नोंद सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची असते. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आपण २६ जुलै २००५ चे म्हणतो, पण ते २७ तारखेच्या सकाळी संपलेल्या दिवसाचे. उपग्रहाचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. हा फरक जुळवला नाही, तर मॉडेलमधला पूर एक दिवस पुढेमागे सरकतो.

यापेक्षा घातक चूक कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मॉडेल मोजलेल्या विसर्गाशी (नदीतून वाहणाऱ्या पाण्याशी) जुळवताना, लपते. पाऊस कमी धरला, तर मॉडेल बाष्पीभवन घटवून विसर्गाचा आलेख जुळवून देते. आलेख सुरेख दिसतो, पण खोऱ्याचा ताळेबंद खोटा असतो. म्हणून कोयनेसारख्या धरणाचा वर्षाचा येवा (धरणात येणारे पाणी) आधी पाणलोट क्षेत्राच्या पावसाशी ताडावा. पावसातून येवा वजा करून बाष्पीभवनापुरतेही पाणी उरत नसेल, तर तो संच तिथे चालणार नाही. ‘महावेध’ या राज्याच्या हवामान केंद्र प्रकल्पाची महसूल मंडळांतली दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे अलीकडच्या काही वर्षांसाठी ही पडताळणी आणखी बारकाईने करू देतात.