अनोळखी गावात आपण ओळखीची पाटी का शोधतो

मिसळ कोल्हापूरची भारी की पुण्याची यावर तासभर भांडणारी आपली माणसं गाडी काढून लांब निघाली की फूड मॉलमधे बर्गर-पिझ्झाच्या लाईनीत उभी दिसतात. चव कळत नाही असं अजिबात नाही. मग असं का होतं? यावर बरंच संशोधन झालंय, आणि त्यातला मला सगळ्यात नेमका वाटलेला मुद्दा एका अर्थशास्त्रज्ञाने सेकंडहँड गाड्यांबद्दल लिहिताना जाता जाता मांडून ठेवलाय.

जॉर्ज अकेरलॉफ यांचा तो संशोधन-पेपर १९७० चा. त्यात ते म्हणतात की जुनी गाडी विकणाऱ्याला तिच्यातली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांकडे संशयाने बघतो आणि चांगल्या गाडीलाही भाव मिळत नाही. या विचाराला पुढे २००१ मधे नोबेल मिळालं. त्याच पेपरात शेवटाकडे चेन रेस्टॉरंटबद्दल, म्हणजे एकाच नावाने ठिकठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांबद्दल, चार ओळी आहेत: ही हॉटेलं शहरांना जोडणाऱ्या हायवेवर दिसतात, तिथलं गिऱ्हाईक सहसा त्या भागातलं नसतं, आणि चेनचा हॅम्बर्गर तिथल्या सरासरी लोकल हॉटेलपेक्षा बरा असतो, पण त्याच भागात राहणाऱ्याला त्याहून आवडीची जागा माहीत असते.

इथे सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा एखाद्या अनोळखी गावात दहा हॉटेलं आहेत, दोन अफलातून, सहा ठीकठाक आणि दोन पोट बिघडवणारी, पण बाहेरून सगळ्यांच्या पाट्या सारख्याच, सगळीकडे 'शुद्ध शाकाहारी' आणि 'फॅमिली रूम' लिहिलेलं. गावातला माणूस डोळे झाकून त्या दोन अफलातून हॉटेलांपैकी एकात शिरेल, तुम्हाला मात्र चिठ्ठीच उचलावी लागते. चेन या दोन अफलातून हॉटेलांच्या जवळपासही नसते, पण शेवटच्या दोनांसारखी निघण्याची भीती बरीच कमी असते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधे दाखवलं की माणसाला तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा नुकसान जास्त टोचतं, नंतरच्या अंदाजांप्रमाणे साधारण दुप्पट. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात भारी मिसळ मिळण्याची आशा आणि प्रवासात पोट बिघडण्याची भीती यांची आपल्या डोक्यात बरोबरी होतच नाही.

त्यात आपण एकटे कुठे असतो! सोबत आजी असते, तिखट न खाणारी लहान मुलं असतात, कांदा-लसूण न खाणारा मित्र असतो, आणि एवढ्या सगळ्यांचं जमवायचं म्हटलं की कुणाला सगळ्यात जास्त आवडेल हा प्रश्न मागे पडतो आणि कुणाचीच कटकट होणार नाही असं काय आहे ते बघितलं जातं. शिवाय तुम्ही हट्टाने सगळ्यांना नवीन ठिकाणी नेलं आणि जेवण वाईट निघालं तर बोल तुम्हाला लागतो, चेनमधलं वाईट निघालं तर कुणी कुणाला काही बोलत नाही. आणि बायकांसाठी तर स्वच्छ टॉयलेट हे एकच कारण पुरेसं असतं. खाण्याच्या चर्चेत हा मुद्दा येतच नाही, पण हायवेवर गाडी कुठे थांबणार हे कितीतरी वेळा त्यावरच ठरतं.

पोट बिघडण्याची भीती तर फार जुनी, अगदी प्राण्यांपासून आलेली आहे. जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मधे उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी आजारी पाडणाऱ्या किरणांत ठेवलं, तर नंतर उंदीर ते गोड पाणी टाळायला लागले. बऱ्याच गोष्टी शिकायला प्राण्यांना पुन्हा पुन्हा अनुभव लागतो, पण चव आणि आजार यांची गाठ एकदाच बसते आणि टिकते. आमच्या आईला एका ढाब्यावर जेवल्यावर त्रास झाला होता, तो पनीरमुळेच झाला का हे कुणालाच माहीत नाही, पण त्यानंतर तिने पनीर खाल्लेलं नाही. मेंदू इतक्या पटकन धडा घेतो म्हटल्यावर नवीन जागी तो सावध राहणारच.

आता ब्रँडचा भाग. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मधे ३ ते ५ वर्षांच्या ६३ मुलांवर एक प्रयोग केला. पदार्थ तोच, फक्त एक मॅकडोनाल्ड्सच्या कागदात आणि दुसरा साध्या कागदात, आणि चाखून सांगायचं कुठला जास्त चांगला लागतो. बहुतेक पदार्थांत मुलांचा कल मॅकडोनाल्ड्सच्या कागदाकडे गेला, अगदी गाजराच्या बाबतीतही, आणि ती गाजरं साध्या दुकानातून आणलेली होती! ज्या घरात टीव्ही जास्त तिथल्या मुलांत हा परिणाम जास्त दिसला. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण गल्लीतल्या खानावळवाल्या काकू कितीही चांगलं रांधत असल्या तरी वय वर्षे चारच्या डोक्यात त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

अजून एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ शिगेहिरो ओइशी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मधे दाखवलं की अमेरिकेच्या ज्या राज्यांत लोक सारखे घरं बदलतात, एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात, तिथे देशभर पसरलेल्या चेन जास्त चांगल्या चालतात, उत्पन्न आणि लोकसंख्येचा हिशोब धरूनही. सगळंच नवीन असलं की मनात एक अस्वस्थता असते आणि माणूस ओळखीचं काहीतरी शोधतो असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या हिंजवडी, खराडीसारख्या भागात नोकरीसाठी लांबून आलेली मुलं राहतात आणि वर्ष-दीड वर्षात फ्लॅट बदलतात, तिथेही हेच होत असावं असा माझा अंदाज.

चेनची खरी ताकद सारखेपणात आहे आणि तो आपोआप येत नाही. मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ मधे आलं. इथल्या आउटलेटमधे बर्गरची पॅटी कुणी थापत बसत नाही, ती कारखान्यात बनून गोठवलेली येते, उणे १८ अंशांच्या आसपास साठवली जाते, आणि तेलात किती वेळ ठेवायची ते टायमर ठरवतो, तळणारा पोरगा काल कामाला लागलेला असला तरी फरक पडत नाही. याउलट लहान हॉटेलात आचारी गावी गेला की रस्सा बदलतो. चव माणसाच्या हातात असणं हेच तिथलं मोठेपण आहे आणि अनोळखी गिऱ्हाईकासाठी तीच अडचणही आहे.

आणि हा भरवसा मिळवायला मोठी कंपनीच लागते असंही नाही. उडपी बघा. प्रत्येक हॉटेलचा मालक वेगळा, पण पाटीवर उडपी दिसलं की इडली, डोसा, सांबार, फिल्टर कॉफी मिळणार, भाव परवडणार आणि टेबलावर ऑर्डर पटकन येणार हे मुंबईच्या माणसाला आत न शिरताच माहीत असतं. हेच काम पुण्यात 'अमृततुल्य' हा शब्द करतो.

मग लोकांपर्यंत माहिती पोचली तर चेनचा फायदा कमी व्हायला हवा ना? झालाही. तेव्हा हार्वर्डमधे असलेल्या मायकल लुका यांनी सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांची कमाई आणि येल्प या साईटवरचे रिव्ह्यू ताडून बघितले. एक स्टार वाढला की कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढत होती, पण ही वाढ स्वतंत्र हॉटेलांची होती, चेनवर रिव्ह्यूचा परिणामच दिसला नाही. जिथे येल्प जास्त पसरलं तिथे चेनचा वाटाही घटला. चेनची पाटी जे काम करत होती ते आता गिऱ्हाईकच एकमेकांसाठी करायला लागले, आणि मला तरी हे लहान हॉटेलवाल्यांसाठी गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम वाटतं.

पण रिव्ह्यू खोटेही असतात. लुका यांनीच जॉर्जिओस झेर्वास यांच्याबरोबर बोस्टनचे रिव्ह्यू तपासले तेव्हा येल्पने जवळजवळ १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. ज्या हॉटेलांचं नाव कच्चं होतं त्यांच्यात ही लबाडी जास्त आणि चेनमधे कमी, कारण चेनला रिव्ह्यूची गरजच कमी.

म्हणून अनोळखी ठिकाणी मी स्टारच्या जोडीला दारात उभ्या गाड्याही बघतो. फक्त ट्रॅव्हल्सची बस थांबते म्हणून भरलेलं हॉटेल असेल तर तिथलं गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही हे मालकालाही माहीत असतं. पण साताऱ्याजवळ दुपारी एक वाजता एखाद्या साध्या हॉटेलसमोर एमएच-११ च्या मोटरसायकली दाटीवाटीने लागलेल्या असतील तर आत जेवणारे लोक तिथलेच आहेत, आणि जेवण बिघडलं तर उद्या ते दुसरीकडे जातील.