कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

मे महिना आला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्याआधीच्या कामांची घाई सुरू होते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पार्किंगची डागडुजी, रॅम्पवर काळा लेप. कमिटीपुढे दोन-तीन कोटेशनं येतात आणि बहुतेकदा स्वस्तातलं मंजूर होतं. लेपात नेमकं काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं.

कारण दिसायला सारखी काळी अशी दोन द्रव्यं असतात. बिटुमेन हे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरतं. आपले डांबरी रस्ते त्याचेच. कोल टार मात्र दगडी कोळशापासून कोक करताना निघतं आणि त्यात पीएएच (पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) गटातली विषारी रसायनं ठासून भरलेली असतात. अमेरिकेत पार्किंगला देतात त्या कोल टारच्या लेपात ती बिटुमेनच्या लेपापेक्षा साधारण हजारपट आढळली. त्यांतल्या बेंझो-ए-पायरीनमुळे माणसाला कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. भारताच्या २००९ च्या हवा-मानकांत त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला अवघी १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, आहे.

लेप टायरखाली झिजतो, त्याची भुकटी होते, आणि ती पावसाबरोबर वाहते किंवा चपलांबरोबर घरात येते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००५ साली अभ्यास झाला. कोल टारचा लेप दिलेल्या पार्किंगवरून धुऊन आलेल्या कणांत पीएएचचं प्रमाण लेप नसलेल्या जागेच्या ६५ पट निघालं. पुढे अशा पार्किंगलगतच्या घरांमधल्या धुळीत ते २५ पट सापडलं. रांगणारं मूल हात सतत तोंडात घालतं, हे लक्षात घेतलं की हा आकडा फार अस्वस्थ करतो. ऑस्टिननं २००६ मध्ये या लेपावर बंदी घातली. काही वर्षांत तिथल्या लेडी बर्ड तलावाच्या गाळातले पीएएच ५८ टक्क्यांनी घटले.

गाळ महत्त्वाचा, कारण ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, गाळाला चिकटून राहतात. तिथले किडे आणि अळ्या ती खातात. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांतला असा गाळ काढायचा खर्च १ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज निघाला. तो भरणार करदाते. लेप विकणारा नव्हे आणि लावून घेणाराही नव्हे. आपल्याकडे पार्किंगवरचं पाणी पावसाळी गटारांतून आंबिल ओढा, नागझरी, रामनदीत जातं. तिथून मुळा-मुठेत, भीमेत आणि शेवटी उजनी धरणात. स्वस्त कोटेशनची उरलेली रक्कम खालच्या गावांनी का भरायची?

कोल टार इपॉक्सी, म्हणजे कोल टार मिसळलेला लेप, आपल्या बाजारात पाइप आणि टाक्यांसाठी सहज मिळतं. म्हणून सही करण्याआधी ठेकेदाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे उत्पादनातले घटक आणि धोके सांगणारं पत्रक, मागून घ्या. त्यावर ‘कोल टार’ हे शब्द किंवा ६५९९६-९३-२, ८००७-४५-२ यांपैकी एखादा सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) दिसला, तर ते उत्पादन पार्किंगला किंवा गच्चीला लावू देऊ नका. डांबरी भागाला बिटुमेन इमल्शन चालतं, गच्चीला अ‍ॅक्रिलिक. पेव्हर ब्लॉकना तर काळ्या लेपाची गरजच नसते.