बांध कोरणं आणि वाटाण्यांचा हिशोब

"फक्त अर्ध्या गुणाने? म्हणजे मशीन थोडक्यात वाचलं की मामा!" भाच्याने कुठेतरी वाचलं होतं, २०१७ मध्ये चीनच्या वूझेनला अल्फागो या संगणक प्रोग्रामने अव्वल चिनी खेळाडू के जिएला गो खेळात पहिल्या डावात अर्ध्या गुणाने हरवलं. हा गैरसमज भल्याभल्यांचा आहे. अल्फागो किती गुणांनी जिंकायचं ते बघतच नव्हतं, जिंकायची शक्यता किती एवढंच बघायचं, म्हणून पुढे असलं की शेवटी दोन-चार गुण खुशाल सोडून द्यायचं. आणि अर्धा गुण कुठून आला, तर काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, चीनमध्ये साडेसात, तिला कोमी म्हणतात.

गो म्हणजे जागा घेरायचा खेळ, १९ बाय १९ रेघा, ३६१ छेद. (३६१ म्हणजे वर्षाचे दिवस, ब्रह्मांडाचं गणित असलं काही फॉरवर्ड आलं तर जुने पट १७ बाय १७ चेही सापडलेत हे लक्षात ठेवा, तेव्हा काय वर्ष २८९ दिवसांचं होतं?) आमचा पट मात्र इंदिरानगरच्या किचन टेबलावर, पुठ्ठ्याचा, ९ बाय ९, आणि सोंगट्या म्हणजे मिसळीसाठी आणलेले पांढरे वाटाणे आणि डब्यातले काळे वाटाणे.

मला खरा आवडतो तो शेवट, जपानीत योसे. मोठी जमीन वाटून झालेली असते, आता नुसतं बांध कोरणं. दिंडोरीकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे समजवायला नको, नांगर जरा आत घातला की वीतभर आपली.

भाच्यासमोर दोन जागा होत्या. एकीत तो खेळला तर त्याला ४ गुण, मी खेळलो तर शून्य, आणि कोणीही खेळलं तरी पुढे धोका काही नाही, म्हणजे पाळी समोरच्याकडे. हा गोटे. दुसरीत फरक ३ चाच, पण तो खेळला की मला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर माझे आठ वाटाणे मरतात (घेरले जाऊन पटावरून उचलले जातात), म्हणजे पाळी परत त्याच्याकडे. हा सेन्टे. त्याने ४ मोठे म्हणून आधी तेच घेतले, मी लगेच दुसरी जागा बुजवली आणि तो २ गुणांनी हरला. उलट क्रमाने खेळला असता तर दोन्ही मिळून १ ने जिंकला असता.

कारण असं, गोटेत जागा आत्ता धड माझी नाही धड तुझी नाही, सरासरी २, म्हणून एका चालीची कमाई २ च. सेन्टेचे ३ जवळपास त्याचेच धरायचे, फुकटात मिळणारे, ते मी हिसकावले तर पूर्ण ३ गेले. म्हणून ३ चा सेन्टे ६ च्या गोटेच्या तोलाचा.

केंब्रिजमध्ये असे शेवट बघूनच गणितज्ञ जॉन कॉनवेला सुचलं की पट म्हणजे सुट्या छोट्या खेळांची बेरीज आहे, त्यातून नव्याच संख्या निघाल्या ज्यांत अनंतापेक्षा मोठ्याही बसतात, आणि पुढे बर्लेकॅम्प आणि वुल्फ या गणितज्ञांनी हे गणित गोच्या शेवटांना लावलं, त्यात प्रत्येक तुकड्याला चक्क 'तापमान' असतं, म्हणजे तिथली चाल किती मोलाची, सगळ्यात गरम तिथे आधी हात घालायचा. (इथे भाचा मोबाईलकडे वळला.)

मोजायच्या वेळी एक मेलेला वाटाणा फ्रिजखाली गेला. जपानी पद्धतीत मेलेली सोंगटीही गुण असते, म्हणजे पुन्हा भांडण. चिनी पद्धतीत पटावरच्या आपल्या जिवंत सोंगट्या अधिक घेरलेली जागा, मेलेल्यांना कोणी विचारत नाही. तेव्हापासून आमच्याकडे चिनी मोजणी.