दुब्रॉव्हनिक

दुब्रॉव्हनिक : क्रोएशियाच्या दक्षिण टोकाकडील, एड्रिॲटिक समुद्रावरचे ऐतिहासिक शहर, बंदर व पर्यटनकेंद्र. जुने नाव रगूसा. लोकसंख्या सुमारे ४१,५०० (२०२१). जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत कायम राहणारे मात्र आता थोडेच. शेजारचे एपिडॉरम (सध्याचे त्सावतात) उद्ध्वस्त झाल्यावर तेथून पळालेल्यांनी ७व्या शतकात ही वस्ती वसवली, असे परंपरा सांगते.

१२०५ ते १३५८ या काळात शहरावर व्हेनिसचे वर्चस्व होते. पुढे हंगेरीचे नाममात्र आधिपत्य मान्य करून उमरावांनी येथे प्रजासत्ताक चालवले. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, फक्त महिनाभर पदावर राही आणि तेवढे दिवस सरकारी कामाखेरीज त्याला प्रासादाबाहेर पडता येत नसे. एकाच घराण्याने डोईजड होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

सुमारे १,९४० मी. लांबीचा आणि काही ठिकाणी २५ मी. उंचीचा तट पाहून प्रवाशाला हे लढवय्यांचे शहर वाटते. प्रत्यक्षात ते तलवारीपेक्षा थैलीच्या जोरावर तगले. १४८१ पासून ते ऑटोमन सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी देत होते आणि त्या बदल्यात बाल्कनभर व्यापाराची मुभा मिळवत होते. धास्ती खरी व्हेनिसची होती. म्हणून १६९९ च्या कार्लोविट्झ तहाच्या वेळी उत्तर सीमेवरची किनारपट्टी तुर्कांच्या हाती राहील अशी व्यवस्था झाली : मध्ये तुर्क असला की व्हेनिस जमिनीवरून अंगावर येणार नाही. नेउम हा बॉस्नियाचा चिमुकला किनारा त्या सौद्यातून उरला. २०२२ मध्ये नेउमला वळसा घालणारा पेल्येशात्स पूल खुला होईपर्यंत क्रोएशियातल्याच स्प्लिटहून मोटारीने येणाऱ्याला त्यापायी दोनदा सरहद्द ओलांडावी लागे.

प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थोपवण्याचा नियम येथे १३७७ मध्येच झाला. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहराचा बराच भाग कोसळला व हजारो लोक मेले. स्त्रादून या मुख्य रस्त्याच्या दुतर्फा दिसणारी एकसारखी दगडी घरे त्यानंतरची. स्पोंझा प्रासाद मात्र त्यातून वाचला. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजेने प्रजासत्ताक बरखास्त केले.

गोव्यात जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी येथे साँव ब्राझचे, म्हणजे संत ब्लेझचे, चर्च आहे. तोच दुब्रॉव्हनिकचाही रक्षक संत (उत्सव ३ फेब्रुवारी). १६व्या शतकात रगूसाचे व्यापारी गवंडाळीत येऊन राहिले होते, असे मानले जाते.

१९७९ मध्ये जुन्या शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तरी १९९१-९२ च्या वेढ्यात युगोस्लाव्ह सैन्याने त्यावर तोफा डागल्या. ६ डिसेंबर १९९१ चा मारा सर्वांत भीषण होता. तटावरून फिरताना भडक नारिंगी कौले दिसतात ती बहुतेक युद्धानंतर घातलेली, आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून विटलेली दिसतात ती जुनी. शहर किती भाजले होते, याचा अंदाज कोणत्याही फलकापेक्षा त्या छपरांवरून अधिक येतो.

आज मोठमोठी पर्यटक जहाजे एका सकाळी हजारो माणसे उतरवतात. ही गर्दी आवरण्यासाठी दिवसाला दोनच जहाजांची मर्यादा घालण्यात आली आहे. तटावर चढायचे तिकीट महाग असले तरी तो फेरफटका चुकवू नये, सर्ज डोंगरावर (४१२ मी.) जाणारी केबल कार त्याला पर्याय नव्हे. समुद्रस्नानाची ठिकाणे, म्हणजे लापाद, बाबिन कुक आणि समोरचे लोकरुम बेट, बरीचशी गोट्यांची वा खडकाळ आहेत. कोकणातल्या पुळणीची सवय असलेल्या पायांना ती टोचतात. पाणी मात्र तळ दिसेल इतके नितळ. निवांतपणा हवा असेल तर होडीने त्सावतातला जाऊन राहणे उत्तम.