पार्श्वभूमी : फेअर ट्रेडचे दागिने आणि शिक्क्याचा वाद

फेअर ट्रेडची, म्हणजे माल पिकवणाऱ्या-घडवणाऱ्या गरिबांना रास्त भाव देणाऱ्या व्यापाराची, सुरुवात दागिन्यांपासून झाली नाही. 1946 साली एका अमेरिकन बाईने पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांचे भरतकाम आणून ओळखीपाळखीत विकले, तिथून ही गोष्ट सांगायचा प्रघात आहे. 1968 मध्ये दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेत ‘मदत नको, व्यापार हवा’ ही मागणी गाजली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये असा माल विकणारे पहिले ‘वर्ल्ड शॉप’ उघडले. अशा दुकानांना दागिने सोयीचे होते, कारण ते हलके, न नासणारे आणि लहानशा खोक्यात मावणारे. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे काचमणी, मुरादाबादचे पितळ, संभलचे शिंग-हाडाचे काम या वाटेने परदेशी जाऊ लागले.

गुंता झाला तो 1988 नंतर. नेदरलँड्समध्येच मेक्सिकोच्या कॉफीला पहिला फेअर ट्रेड शिक्का मिळाला. कॉफीचा किमान भाव ठरवता येतो. कानातल्या जोडाचा कसा ठरवणार? वितळलेली काच लोखंडी सळीवर गुंडाळून एकजण मणी काढतो, दुसऱ्या घरी ते निवडले जातात, तिसऱ्या घरी ओवले जातात. मजुरी नगावर. फुटलेल्या मण्यांचे नुकसान कोणाच्या माथी मारायचे, हेही ठेकेदार ठरवणार. एका माळेला किती वेळ लागतो हे प्रत्यक्ष मोजून त्याची किमान वेतनाशी सांगड घातल्याशिवाय ‘रास्त भाव’ या शब्दांना काही अर्थच उरत नाही. हे काम किचकट आहे, दर नव्या नमुन्याला ते पुन्हा करावे लागते. म्हणून वस्तूवरचा शिक्का कॉफी, चहा, केळी, कापूस यांच्याकडे गेला आणि हस्तकला मागे पडली.

यावर हस्तकला संस्थांनी काढलेला तोडगा मुंबईत जाहीर झाला. जानेवारी 2004 मध्ये गोरेगावला जागतिक सामाजिक मंच हा जगभरच्या जनसंघटनांचा मेळावा भरला होता. तिथे कारागीर आणि कार्यकर्त्यांच्या मिरवणुकीने नव्या चिन्हाचे स्वागत झाले. हे चिन्ह मालाला नव्हते, संस्थेला होते. टीका लगेच सुरू झाली : सुरुवातीला बराचसा भर संस्थांनी स्वतःच भरलेल्या मूल्यमापनावर होता, मग गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवायचा? बाहेरच्या तपासणीची जोड असलेली हमी-व्यवस्था 2013 मध्ये मंजूर झाली. उशीर झाला हे खरे. पण कारागिराच्या बाजूने पाहिले तर संस्था तपासणे हाच मार्ग योग्य होता. मजुरी, कामाची जागा, मुलांना कामाला जुंपले आहे की नाही, हे माळेकडे बघून कळत नाही.

उलट उदाहरण सोन्याचे. 2011 मध्ये ब्रिटनमध्ये फेअर ट्रेडचे सोने बाजारात आले. लहान खाणींना लंडनच्या सोनेबाजारात ठरणाऱ्या भावाच्या किमान 95 टक्के आणि वर सामाजिक कामांसाठी 10 टक्के, अशी तरतूद होती. दक्षिण अमेरिकेतल्या खाणकामगारांसाठी ती मोलाची होती. मात्र ही किमान भावाची हमी धातूपुरती होती. दागिना घडवणाऱ्या हातांच्या मजुरीसाठी तिच्यात असा आकडाच नव्हता, आणि गिऱ्हाइकाला तर अख्खी अंगठीच रास्त वाटणार.

या वादात फेअर ट्रेडचा एक नियम झाकोळला जातो : मागितल्यास हस्तकलेच्या ऑर्डरची निम्मी रक्कम आधी, बिनव्याजी द्यायची. कारागीर गरिबीत अडकतो तो बहुतेकदा इथेच. कच्चा माल उधारीवर, पैसे माल गेल्यावर, मधले महिने सावकाराचे. ऊसतोडीच्या उचलीसारखी ही रक्कम माणसाला बांधून ठेवत नाही, कारण ती ऑर्डरपोटी असते आणि माल पोचला की वळती होते. वर्षातून दोन-तीन नक्की ऑर्डरी असतील तर घर सावकाराशिवाय चालू शकते.

म्हणूनच ऑर्डरच थांबली की सगळे अडते. कोविडच्या टाळेबंदीत परदेशी दुकाने बंद झाली, तेव्हा ते दिसले. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरचे जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्यातला किती भार खरेदीदाराने उचलायचा, याचे उत्तर संस्थेच्या चिन्हातही नाही आणि मालावरच्या शिक्क्यातही नाही.