पार्श्वभूमी: पीजे आणि ‘हेरिटेज’ नावाचा घोळ

मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये देशभरच्या गाड्या थांबल्या, तशी जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी, म्हणजे ‘पीजे’, तीही थांबली. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या. पीजे थांबली ती थांबलीच. पुढे ब्रॉडगेज (रुंद रुळांत) रूपांतर आणि बोदवडपर्यंतचा विस्तार असा सुमारे ८४ किलोमीटरचा प्रकल्प मंजूर झाला आणि जुनी गाडी परत आणण्याचा विषय मागे पडला. गाडी वाचवा म्हणणारे मात्र गप्प बसले नाहीत. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, फोटो आणि तिकिटं जमवणारी मंडळी कामाला लागली. या सगळ्यांच्या तोंडी एक शब्द होता, ‘हेरिटेज’. माझ्या मते घोळ तिथूनच सुरू झाला. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, फार नाही.

पीजे १९१८-१९ मधली. त्याआधी अर्धशतक जी.आय.पी.ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मोठी लाईन चाळीसगाव-पाचोरा-जळगाव-भुसावळ अशी गेली होती आणि खानदेशचा कापूस थेट मुंबईच्या गोदीला लागला होता. जामनेरकडचा कापूस मात्र बैलगाडीनेच पाचोऱ्याला यायचा. त्यासाठी ५६ किलोमीटरची नॅरोगेज टाकली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. हेच माप आधी बार्शी लाईट रेल्वेने वापरलं होतं. हलका रूळ, छोटे पूल, तीव्र वळणं चालतात, खर्च कमी.

पहूरचं एक वैशिष्ट्य विसरलं जातं. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या हद्दीत होती, पण तिथे जाणाऱ्याला गाडीतून उतरावं लागायचं ते इंग्रजी खानदेशात. एक वाट जळगावहून, दुसरी पहूरहून फर्दापूरमार्गे. म्हणजे पर्यटकांची गाडी म्हणून पीजेचा दावा आजचा नाही. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा यादीत गेला. लेण्यांच्या इतक्या जवळून जाणारी नॅरोगेज मात्र पुढची सदतीस वर्षं साधी पॅसेंजर म्हणूनच धावली. भाजी, दुधाच्या कॅना, शाळेची पोरं, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला निघालेली माणसं. तिकीट इतकं स्वस्त की एसटीवाल्याने हात टेकावेत. पर्यटकांसाठी वेगळा डबा, वेगळं भाडं हा विचार तिच्या वाट्याला आलाच नाही.

आता मूळ मुद्दा. ‘हेरिटेज’ म्हटल्यावर आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पहिली, जागतिक वारसा यादी. दार्जिलिंग १९९९, निलगिरी २००५, कालका-शिमला २००८. तिन्ही डोंगरी रेल्वे. सपाट काळ्या मातीतून जाणारी पीजे त्या पंगतीत बसत नाही, आणि बसवायचा हट्टही नको. दुसरी, रेल्वेने स्वतः ठरवलेला वारसा. एखादा मार्ग राखायचा, रूपांतराच्या यादीतून काढायचा, हा निव्वळ खात्याचा निर्णय. त्याला ना यादी लागते, ना परदेशी शिक्का. आणि तिसरी, गावाच्या मनातला वारसा, म्हणजे आजोबा या गाडीने जायचे. निवेदनांत तिन्ही एका वाक्यात येतात आणि वाचणारा अधिकारी त्यातली सगळ्यात अवघड तेवढी उचलून नकार देतो.

दुसऱ्या अर्थाने काय करता येतं ते बघायला गुजरातेत जावं. बिलीमोरा–वघई ही डांगच्या जंगलात जाणारी ६३ किलोमीटरची लाईन, १९१३ च्या सुमाराची, बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली. माप तेच ७६२. लांबी जवळपास पीजेएवढी, वयही तेवढंच. डिसेंबर २०२० मध्ये पश्चिम रेल्वेला काही मार्ग तोट्याचे म्हणून कायमचे बंद करायला सांगण्यात आलं, त्यात हीही होती. त्याच्या दोनच वर्षं आधी गुजरातमधल्या काही नॅरोगेज लाईन वारसा म्हणून राखायचं ठरलं होतं, त्या यादीतही हीच! शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये ती परत सुरू झाली, पर्यटकांसाठी वातानुकूलित डबा जोडून. तिथे जंगल आहे, इथे कापसाची शेतं, हा फरक मान्य. पण इथे अजिंठा आहे. सपाटीवर वारसा नसतो हे कुणी ठरवलं?

रूपांतराच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. जामनेरच्या माणसाला थेट मुंबईची गाडी हवी, कापूस आणि केळी भरायला मालगाडी हवी. नॅरोगेजवर ते कधीच होणार नव्हतं. अडचण एवढीच की रूपांतर म्हणजे बहुतेक ठिकाणी त्याच भरावावर नवा रूळ. दोन्ही हवं म्हणणाऱ्याला जागाच उरत नाही. १९९२ पासून ‘एक गेज’ धोरण, म्हणजे सगळीकडे रुळांचं एकच माप, आल्यावर महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या लाईन याच वाटेने गेल्या. बार्शीची गेली. माथेरानची राहिली, कारण तो डोंगर ब्रॉडगेज चढूच शकत नाही.

मग स्वयंसेवक काय करू शकतात? वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९५१ मध्ये हौशी माणसांनी ती चालवायला घेतली, जगात पहिल्यांदा. पण ती १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून सुटलेली खासगी लाईन होती. मालक वारल्यावर ती हौशी मंडळींच्या हाती देता आली. पीजे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातली. रूळ, स्टेशन, जमीन, सगळं खात्याचं. हौशी माणसाने रुळावर पाना लावला तर तो सेवाभाव नव्हे, गुन्हा ठरेल. त्यामुळे इथल्या मंडळींच्या वाट्याला आली ती कागदाची राखण: जुनी वेळापत्रकं, स्टेशनच्या पाट्यांचे फोटो, रूळ राखणाऱ्या निवृत्त गँगमनांच्या आणि सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनांच्या आठवणी. रविवारी मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसायचं, आणि ते काय सांगतात ते रेकॉर्ड करायचं. गेल्या काही वर्षांत यातली बरीच माणसं गेली, म्हणून या कामाला घाई आहे.

माझ्याकडे पहूर–जामनेरचं एक पुठ्ठ्याचं तिकीट आहे. आगपेटीहून थोडं लांब, एका टोकाला तारखेचा दाबलेला ठसा, कडेला टीसीच्या पंचने घेतलेला चावा. ठसा शाईचा नसून नुसता दाबाचा असल्याने तारीख उजेडात तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नाही. असली तिकिटं रद्दीत किलोच्या भावाने गेली. जी उरली ती दप्तरात, पोथीत खूण म्हणून, किंवा जुन्या पाकिटात.

सध्याच्या मागण्यांमध्ये पाचोऱ्याला नॅरोगेजचं इंजिन आणि दोन डबे ठेवावेत ही सगळ्यात सोपी. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहेच, म्हणजे खात्याला हे जमत नाही असं नाही. अवघड मागणी चालत्या तुकड्याची. रेल्वेने बिलीमोऱ्याला जे केलं ते इथे करायचं, तर नव्या लाईनची आखणी जिथे जुन्या भरावापासून बाजूला जाते तिथला एखादा पट्टा आधीच मोकळा ठेवावा लागेल. रूळ उपसून भंगारात गेल्यावर ही चर्चा करण्यात अर्थ नाही.