रात्री साडेदहाचा चहा आणि ‘मला काही होत नाही’

प्रत्येक घराण्यात असे एक काका असतातच. लग्नघरी जेवणं आटोपली की रात्री साडेदहाला ते कडक चहा मागवतात, ‘लोकांची म्हणे झोप उडते, मला काही होत नाही’ असं चारचौघांत सांगतात आणि अकराच्या ठोक्याला घोरायला लागतात. काका खोटं बोलत नाहीत. त्यांना झोप लागते, हे खरंच आहे. पण ती झोप कशा प्रतीची असते, हे झोपलेल्या माणसाला कळायचा मार्ग नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे.

मे 2024 मध्ये आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही, एवढ्याचीच बातमी झाली. त्याच सूचनांमध्ये कॅफिनचे आकडेही होते: कपभर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम, 150 मिलिलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि दिवसभरात मिळून 300 च्या आत राहा. टपरीवरची कटिंग लहान असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. आपली चहा पावडर बारीक दाण्यांची असते. ती दूध-साखरेबरोबर पाच-सात मिनिटं रटरटली की तिच्यातलं बरंचसं कॅफिन पातेल्यात उतरतं. अशा चार-पाच कटिंगांचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता हे कॅफिन मेंदूत नेमकं काय करतं? ‘उत्तेजक आहे’ हे उत्तर शाळेत चालतं. खरी यंत्रणा त्यापेक्षा फार सुंदर आहे.

शरीरातली प्रत्येक पेशी एटीपी नावाच्या रेणूवर चालते, हे आपण नववी-दहावीत शिकतो. एटीपीचे फॉस्फेट एकेक करून सुटत गेले की शेवटी उरतो अ‍ॅडेनोसिन. आपण जागे असताना मेंदूतल्या चेतापेशी भरपूर ऊर्जा वापरतात आणि पेशींच्या बाहेर हा अ‍ॅडेनोसिन हळूहळू साचत जातो. 1997 मध्ये तार्या पोर्का-हाइस्कानेन आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग करून हे दाखवलं. मांजर जितका वेळ जागं, तितका मेंदूच्या पुढच्या तळाच्या भागात अ‍ॅडेनोसिन जास्त. झोपू दिल्यावर तो हळूहळू उतरला. जागरणाने मेंदूत काहीतरी साचतं, हा संशय मात्र त्याहून कितीतरी जुना. 1909 मध्ये जपानात कुनिओमी इशिमोरी यांनी आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये ऑन्री पिएराँ यांनी जागवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतला द्रव ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला आणि ती कुत्री झोपी गेली. तो पदार्थ अ‍ॅडेनोसिनच होता असं म्हणता येणार नाही, पण दिशा बरोबर होती.

अ‍ॅडेनोसिन नुसता साचून झोप येत नाही. त्याला चेतापेशींवरच्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसावं लागतं. कॅफिनच्या रेणूचा सांगाडा अ‍ॅडेनोसिनमधल्या प्युरिनच्या जोडकड्यासारखाच असल्यामुळे ते त्याच ग्राहीत नेमकं मावतं, पण तिथे बसून कोणताही संदेश देत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. सीटवर कुणी बसलेलं नसतं, पण दुसऱ्यालाही बसता येत नाही. आणि अ‍ॅडेनोसिनची गर्दी काही कमी होत नाही, ती उभ्याने वाढतच राहते. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम बसून घेतात. चहाचा अंमल उतरल्यावर येणारी पेंग ती हीच.

इथे जरा नेट लावून वाचा. मेंदूत यातले दोन ग्राही महत्त्वाचे, ए-वन आणि ए-टू-ए. ए-वनवर अ‍ॅडेनोसिन बसला की सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू घटतो, पोटॅशियमला पेशीबाहेर जायच्या वाटा उघडतात, पेशी शांत होते. जागं ठेवणाऱ्या चेतापेशी अशा गप्प केल्या जातात. ए-टू-ए वर तोच अ‍ॅडेनोसिन बसला की बरोबर उलटं, सायक्लिक एएमपी वाढतं. मग झोप कशी येते? तर हे ग्राही मुख्यतः अशा पेशींवर असतात ज्यांचं कामच दुसऱ्यांना दाबायचं आहे. दाबणारे चेकाळले की जागेपण दबतं. एकच रेणू, दोन विरुद्ध संदेश आणि परिणाम तोच! कॅफिन या दोन्ही जागा अडवतं. मग झोप नेमकी कुठली जागा अडल्याने जाते? 2005 मध्ये जपानी संशोधकांनी एक ग्राही नसलेले आणि दुसरा नसलेले असे उंदीर तपासले. ए-वन नसलेले उंदीर कॅफिनने नेहमीसारखे जागे राहिले. ए-टू-ए नसलेल्यांवर कॅफिनचा ढिम्म परिणाम झाला नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. इतकं स्वच्छ उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं.

आता काकांकडे येऊ. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला निरोगी प्रौढाला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी पाचला दोन कप मिळून 100 मिलिग्रॅम पोटात गेलं, तर रात्री दहाला 50 शिल्लक आणि पहाटे तीनला 25. हा वेग यकृतातल्या एका एन्झाइमवर ठरतो आणि तो माणसागणिक बदलतो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कॅफिन लवकर संपतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये जवळपास दुप्पट वेळ टिकतं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. ग्राहींच्या जनुकातही फरक असतात. म्हणजे काकांना आनुवंशिक सवलत असू शकते. पण 2013 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी सहा तास 400 मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तेव्हा यंत्राने मोजलेली झोप तासाहून अधिक कमी भरली. लोकांच्या स्वतःच्या नोंदीत मात्र ही घट तितकी ठळक उमटली नव्हती. मात्रा मोठी होती, हे कबूल. त्याआधी 1995 मध्ये झुरिचला सकाळी सातच्या सुमारास 200 मिलिग्रॅम देऊन रात्री अकराला मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या, तर गाढ झोपेच्या संथ लहरी तेव्हाही किंचित दबलेल्या होत्या. पहाटेच्या जागरणाला काका वय, मच्छर, शेजारचं कुत्रं, सगळ्यांना दोष देतात. चहा त्यातून सुटतो.

झोपेचा विषय निघाला की उत्तरेकडे डोकं करून झोपू नका, रक्तातलं लोह पृथ्वीच्या चुंबकाकडे ओढलं जातं, हा ‘वैज्ञानिक’ संदेश हमखास फिरतो. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आहे सुमारे 40 मायक्रोटेस्ला. एमआरआयच्या नळकांड्यात दीड टेस्ला, म्हणजे सदतीस हजार पट, आणि तिथून माणसं उठून घरी जातात. शिवाय ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे खेचलंच जात नाही, उलट अगदी नगण्य का होईना, दूर लोटलं जातं. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने झोप उडते म्हणत चष्मे विकणाऱ्यांचंही थोडं असंच. बोस्टनमधल्या एका गाजलेल्या प्रयोगात झोपण्याआधी चार तास टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली. परिणाम आहे, पण पाचचा चहा तसाच चालू ठेवून चष्म्यावर पैसे घालवण्याएवढा नाही. रात्री फोन जागवतो तो बहुतेकदा त्यावर चाललेल्या भांडणांमुळे.

दुपारची वामकुक्षी याच हिशोबात बसते. वीस मिनिटं डुलकी काढली तर अ‍ॅडेनोसिन थोडा उतरतो, रात्रीसाठी पुरेसा उरतो. रविवारी मटण ओरपून तीन ते सहा ताणून दिली की रात्रीच्या झोपेचं भांडवलच खर्च होतं आणि मग बाराला टक्क डोळे. हे एकट्या अ‍ॅडेनोसिनचं राज्य नाही, जैविक घड्याळ वेगळं चालतं. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी आठला तरतरी वाटते ती त्या घड्याळामुळे. झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये या दोन प्रक्रियांची सांगड घातली. पण घड्याळाच्या सुया आपण सहज हलवू शकत नाही, चहाची वेळ हलवू शकतो. रात्री अकराला झोपणाऱ्याने शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत उरकावा.

चहा एकदम तोडू मात्र नका. रोजच्या चहावाल्याने अचानक बंद केला तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. अ‍ॅडेनोसिनने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आता त्याला अडवणारं कुणी नसतं. आपल्याकडे यालाच ‘पित्त झालं’ म्हणून आल्याचा रस पाजतात. दर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करत आणावा. आणि संध्याकाळी डोकं दुखलं म्हणून गोळी घेणार असाल तर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन घातलेलं असतं.